पाच वाजताची किरकिर

मी एक जुनी घडीची खाट आहे. लोखंडी नळ्यांची, मधोमध दुमडणारी, नवारीच्या पट्ट्यांनी विणलेली. मित्रांनो, खाटेला सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण एकदा एका घराचे काय व्हायचे, ते माझ्यावर येऊन ठेपले. ती हकीकत जमेल तशी सांगते.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझे सांधे जोडले, तो माझ्यावर तीनदा दणादण बसला आणि म्हणाला, "हत्ती झोपला तरी मोडायची नाही." हत्ती काही माझ्या वाट्याला आला नाही. मला विकत घेतले ते काकूंच्या यजमानांनी. पाहुणे वाढले की मला उघडायचे, गेले की दाराआड उभे करायचे, असा माझा संसार. माझ्यावर झोपून उठलेला प्रत्येक जण म्हणे, "काय झोप लागली!" ते ऐकायला मला फार आवडे.

मग यजमान गेले. त्यांच्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर काकूंना झोप येईना. आठवडाभर त्या कूस बदलत राहिल्या आणि एका संध्याकाळी मला उचलून स्वयंपाकघरालगतच्या कोठीत घेऊन गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याच. नवारीच्या पट्टीच्या कडेला त्यांनी कापडाचा एक कप्पा शिवला. झोपताना त्यात चष्मा ठेवायचा, उठल्यावर काढायचा.

त्याच वर्षी त्यांनी घरातल्या तीन खोल्या प्रवाशांना मुक्कामासाठी द्यायला सुरुवात केली. मुक्काम आणि सकाळचा नाश्ता, एवढेच. आमचा भाग राहत्या घरांचा, म्हणून नगरपालिकेचे नियम कडक. पाहुण्यांना तीनच खोल्या द्यायच्या, चौथी नाही. पाटी दोन वितींपेक्षा मोठी नको. पाहुण्यांच्या गाड्या आपल्याच अंगणात, गल्लीत नाहीत. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे घरमालकाने त्याच घरात राहिले पाहिजे. काकूंनी हे नियम कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवले होते.

सकाळी पाचला त्या उठत आणि मला मिटून भिंतीशी लावत. माझ्या सांध्यांना गंज धरला होता. मिटताना मी अशी किरकिरत असे की मलाच लाज वाटे. "अगं हो, घालते तेल," काकू रोज म्हणत. नाश्त्याच्या गडबडीत ते राहून जाई.

पलीकडच्या घरात घड्याळवाले भाऊ राहत. तेही घरीच धंदा करत. घड्याळदुरुस्तीचे एक टेबल, एक दिवा, आणि त्यांचाही परवाना. दोन्ही घरांचे चांगले होते. पण एकदा एका पाहुण्याने आपली गाडी भाऊंच्या फाटकासमोर लावली आणि शहर बघायला निघून गेला. भाऊंचे गिऱ्हाईक दिवसभर परत जात राहिले. काकूंनी चार वेळा माफी मागितली. भाऊंनी मान हलवली, घरात गेले आणि पालिकेला तक्रारीचे पत्र लिहिले.

परवान्याची मुदत संपायला तीन दिवस असताना तपासणीची चिठ्ठी आली. काकूंची लेक लगोलग येऊन धडकली.

"आई, बास झालं आता. परवाना नाही मिळाला तर सरळ माझ्याकडे चल."

"तुझ्या दोन खोल्यांत? आणि माझं घर?"

"विकू. एकटीनं एवढं मोठं घर कशाला सांभाळायचं?"

काकूंचा हात माझ्या नळीवर होता, तेवढा घट्ट झाला.

तपासणीच्या दिवशी काकू मला मिटून कामाला लागल्या आणि लेक कोठीत आली. "मालकीण डब्यांच्या मध्ये झोपते, हे दिसलं तर काय शोभा राहील?" असे पुटपुटत तिने मला माळ्यावर ढकलले आणि वरून जुने पडदे टाकले. चष्मा कप्प्यातच राहिला होता. सकाळभर खालून मला एकच ऐकू येत होते, "माझा चष्मा कुठे गेला गं?" मला ओरडून सांगावेसे वाटे. पण कोणी हलवल्याशिवाय मला आवाज नाही.

तेवढ्यात काकूंनी स्वतःच एक चूक केली. घर लख्ख दिसावे म्हणून त्या चौथ्या खोलीत, म्हणजे आपल्याच खोलीत गेल्या आणि हाताला सवय होती तसे करत सुटल्या. नवी चादर ताणून घातली. टॉवेलची घडी पायथ्याशी, तिच्यावर साबणाची वडी. उशाला पाण्याचा तांब्या, वर पालथे भांडे. अगदी पाहुण्यांच्या खोलीसारखे.

दुपारी पालिकेच्या मॅडम आल्या. शांत, कमी बोलणाऱ्या. पाटीला त्यांनी पट्टी लावून पाहिली. अंगण पाहिले. तीन खोल्या पाहिल्या. मग चौथीचे दार उघडले.

"ही खोली कोणाची?"

"माझी," काकू म्हणाल्या.

"तुमची? टॉवेलवर साबण तुम्ही स्वतःसाठी ठेवता?"

"नाही... म्हणजे आज... सवयीनं झालं."

कपाटाचे दार करकरले. "कपाटही रिकामं आहे. काकू, तक्रारीत लिहिलंय की तुम्ही इथे राहत नाही. लेकीकडे राहता आणि चारही खोल्या भाड्यानं देता. या खोलीत रात्री कधी दिवा दिसत नाही म्हणे."

"मी कोठीत झोपते हो," काकू म्हणाल्या.

सगळे कोठीत आले. मी माळ्यावरून पडद्यांच्या फटीतून पाहत होते. खाली डबे होते, कणगी होती, काकूंचे चार कपडे खुंटीला होते. झोपायला मात्र काही नव्हते.

"कशावर झोपता?"

काकूंनी भिंतीकडे पाहिले. तिथे मी असायला हवे होते. त्यांनी लेकीकडे पाहिले. लेक जमिनीकडे पाहत होती.

"हे वाचून खाली सही करा," मॅडम म्हणाल्या आणि कागद पुढे केला. काकूंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला वाचता येत नाहीये. चष्मा सापडत नाही सकाळपासून."

"मी वाचते. परवाना पुढे चालू ठेवू नये, अशी शिफारस आहे."

मित्रांनो, माझ्यावर किती माणसे झोपली, पण त्या क्षणाइतके ओझे मला कधी झाले नव्हते.

आणि मग लेक रडायलाच लागली. "थांबा, मॅडम. चूक माझी आहे. आईची खाट मी वर टाकली. मला लाज वाटली."

स्टूल आले. मला खाली ओढले. मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या, "माळ्यावर जुनी खाट कोणाच्याही घरी निघेल, बाई."

काकूंनी मला दोन्ही हातांनी धरले आणि उघडले. मी आयुष्यात कधी किरकिरले नाही अशी किरकिरले.

पलीकडच्या खिडकीतून लगेच आवाज आला, "हीच! हीच ती किरकिर! रोज पहाटे पाचला! ऐकलंत ना, मॅडम? पत्रात चौथ्या मुद्द्यात लिहिलंय मी!"

मॅडमनी पत्र उलगडले. मग खिडकीशी गेल्या. "भाऊ, रोज?"

"रोज म्हणजे रोज! तीन वर्षं झाली. घड्याळ लावून घ्यावं."

"आणि दुसऱ्या मुद्द्यात म्हणता, मालकीण इथे राहतच नाही."

भाऊंच्या टेबलावरची घड्याळे इकडे ऐकू येत होती. "मला वाटलं, नोकर ठेवलाय," ते हळूच म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या, वाकल्या आणि कडेचा कप्पा चाचपून पाहिला. चष्मा निघाला. त्यांनी तो काकूंना दिला. काकूंनी तो डोळ्यांवर चढवला, हातातला कागद नीट धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.

"तो नका वाचू," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद परत घेतला, उभी रेघ मारली आणि खाली लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "मालकीण स्वयंपाकघरालगतच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपते. खाट पाहिली. ऐकलीही."

सरकारी कागदावर माझे नाव लागले, ते असे.

संध्याकाळी भाऊ हातात तेलाची बारीक बाटली घेऊन दारात उभे राहिले. "काकू, विचारायला हवं होतं मी आधी. खिडकी तर समोरच होती."

"आणि पाहुण्याची गाडी कुठे लागते ते मी स्वतः बघायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "या, चहा घ्या."

भाऊंनी घड्याळाला घालावे तसे थेंब थेंब तेल माझ्या सांध्यांना घातले. दुसऱ्या दिवशी मी अगदी मुकाट मिटले. नाश्ता संपला तरी पलीकडची खिडकी बंदच. नऊ वाजता भाऊ डोळे चोळत बाहेर आले. "काकू, जाग कशी आली नाही मला? घरात एकोणीस घड्याळं आहेत, पण मी उठत होतो तुमच्या खाटेवर!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यांनी फडके घेऊन माझ्या एका सांध्याचे तेल पुसून टाकले.

तेव्हापासून रोज पाचला मी एकदाच, हलकेच, किर्र करते. पलीकडे खिडकी उघडते आणि भाऊ खाकरतात. कोठीत झोपण्याची आता कोणाला लाज वाटत नाही. लेक मुक्कामाला आली की मोठ्या पलंगावर झोपते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी, कुरकुरणारी वस्तू असेल. तिला वेळच्या वेळी तेल घाला, तिची नवार सैल झाली तर ओढून घ्या. आणि पाहुण्यांसमोर तिची लाज वाटली, तरी तिला पडद्याखाली मात्र लपवू नका. घरात कोण राहते, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.