यारेमाची नवरी

“दोरा ताणू नकोस गं, पान फाटेल,” पारास्का सोलोमियावर खेकसली. “असल्या हातानं शिवलंस तर मुकुट डोक्यावर चढण्याआधीच सुटायचा!”

कुणी तरी हसायला गेलं आणि मध्येच थांबलं. आघाडीवरून आणलेला यारेमा शेजारच्या खोलीत शवपेटीत निजला होता, आणि बिनलग्नाचा मुलगा या गावातून नवरीवाचून जात नाही. बर्फाखालून खुडून आणलेली बारविनोकच्या वेलीची पानं मेजावर हिरवीगार पसरली होती. बायका लग्नाचीच गाणी म्हणत होत्या, फक्त सूर उतरवून.

यारेमाची आई हाफिया भिंतीशी बसली होती. लग्नाचा मुकुट शिवताना त्याला विधवेचा हात लागत नाही. आपले हात कुणी दुसरीनेच मांडीवर आणून ठेवले असावेत, असे तिला वाटत होते.

सोलोमिया आपण होऊन नवरी व्हायला आली होती. शाळेत यारेमाच्या मागच्या बाकावर बसायची, एवढेच नाते.

पारास्का हाफियाच्या कानाशी वाकली. “कबरीपाशी सोलोमियाचा मुकुट उतरव नि डोक्याला रुमाल बांध. बांधलास की ती तुझी सून. दुखलंखुपलं बघेल, सणाला दार वाजवेल. या रिकाम्या घरात एकटी काय करशील?”

“आणि ती?”

“पोर तयार आहे. तुला काय अवघड आहे?”

अवघड काहीच नव्हते. दार वाजल्याचा आवाज हाफियाला आताच ऐकू येऊ लागला होता.

टेकडीवर, कबरीपाशी पाद्र्यांची प्रार्थना संपली. सोलोमिया समोर येऊन वाकली. हाफियाने मुकुट उतरवून पेटीवर ठेवला. विधवेच्या हाताला एवढीच मुभा होती. पोरीचे मोकळे केस बोटांना लागले. उबदार होते. सकाळपासून तिच्या हाताला जाणवलेली तेवढी एकच गोष्ट.

पारास्काने रुमाल पुढे केला.

“बांधा ना, काकू,” सोलोमिया हळूच म्हणाली. “मी येत जाईन.”

हाफियाने तिची हनुवटी धरून मान वर केली.

“कानांना वारा लागतोय तुझ्या. घरी जा बाई. आई वाट बघत असेल.”

“अगं हाफिया, वेडी का तू?”

रुमाल पारास्काच्याच हातात राहिला. पोर थोडी घुटमळली, मग उघड्या डोक्याने उतार उतरू लागली. पुरुषांनी दोर सोडले. हाफियाने ओंजळभर माती उचलली. ती गोठून दगड झाली होती. फुटावी म्हणून हाफिया ती तळहातात दाबत राहिली.