शिवेवरची पट्टी
शहाद्याकडे जाणाऱ्या पाटाच्या काठी दोन गावं आहेत, एक मोठं, एक धाकटं. त्यांचं वैर इतकं जुनं की ते कशावरून सुरू झालं हे सांगणारा म्हातारा आता कुठेच उरला नव्हता. मधली शिवेवरची लांबलचक पट्टी दोघंही आपली म्हणत, त्यामुळे तिला कोणीच हात लावत नसे. शौकत दोरवाल्याचं त्यातच भलं होतं. दोर वळायला सरळ, मोकळी जागा लागते. एका टोकाला बायको मदिना चरखा फिरवी आणि शौकत पीळ सांभाळत मागे मागे चालत जाई. त्याचा बापही तिथेच बैलांचे कासरे नि गुरांची दावी वळत असे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं मदिना हसून म्हणायची.

मग गावांना शहाणपण आलं. मोठ्या गावचे सरपंच इंद्रसिंग आणि धाकट्या गावच्या सरपंच फुलवंताबाई एका सतरंजीवर बसले. दोन्ही गावांनी मिळून फिरायला एक वाट करायची आणि दोन्ही टोकांना बाग, असं ठरलं. वाट न्यायची कुठून, यावरून पुन्हा जुंपायला लागली, तेव्हा कोणाच्याच बाजूचा नाही म्हणून शौकतला विचारलं. आणि या शहाण्यानं आपलीच पट्टी दाखवली! जमीन सपाट होईल, दगडगोटे जातील, दोर मातीत मळणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. वाट म्हटली की दोरवाल्याला मोकळी जागाच दिसणार. घरी येऊन त्यानं मदिनाला हे मोठ्या आनंदानं सांगितलं.

वाट झाली, आणि देखणी झाली, खोटं कशाला बोला. मधोमध झाडांची आळी, जागोजागी बाकडी, तोंडाशी लोखंडी खांब. दोर ताणायला सरळ जागाच उरली नाही, म्हणून शौकत इंद्रसिंगांकडे गेला. ते म्हणाले, निर्णय दोन्ही गावांचा, माझ्या एकट्याच्या हातात काही नाही. फुलवंताबाईही तेच म्हणाल्या. पूर्वी एकानं हाकललं तर दुसरा मुद्दाम पाठीशी उभा राहायचा. आता दाद मागावी अशी दुसरी बाजूच राहिली नव्हती.

नाइलाजानं एका सकाळी त्यानं वाटेच्या कडेनंच दोर ताणला. बाकड्याशी तो अडला, आळ्याशी वाकडा झाला. दोन्हीकडून फिरायला आलेली माणसं थांबली. कोणी रागावलं नाही, आणि शौकतला त्याचंच जास्त लागलं. त्या माणसांत इंद्रसिंग आणि फुलवंताबाई बरोबरीनं चालत आलेले होते.

“तुम्ही भांडेत तवय माले जागा व्हती, आबा,” शौकत इंद्रसिंगांना म्हणाला.

इंद्रसिंगांनी मान खाली घातली. फुलवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“मंग आते आम्ही परत भांडूत का, भाऊ?”

हो म्हणावं असं शौकतच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. लोक ताटकळत उभे होते. त्यानं मदिनाला चरखा थांबवायला सांगितलं आणि अर्धवट वळलेला दोर गुंडाळत त्यांना वाट करून दिली.