दोनशे सतरा नंबरचा निबंध

प्रवेश समितीच्या टेबलाशी सात जण मत देणारे आणि आठवी मी, मत नसलेली. माझं काम इतिवृत्त लिहायचं, थंड चहाचा जग भरलेला ठेवायचा, आणि गेल्या वर्षापासून तिसरं एक: अर्जांवर काळा मार्कर फिरवायचा. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश बघायचा नाही, असं वरच्या कोर्टाने सांगितलं. मग आमच्या फार्मसी कॉलेजचे वकील दोन पानी सूचना ठेवून गेले आणि समितीचे अध्यक्ष डॉ. प्रूइट मला म्हणाले, "व्हर्लीन, नाव झाका, फोटो झाका, वंशाचा रकाना झाका. निबंधात शंका आली तर तेही झाका. उगाच खटला मागे लागायला नको."

शंका मला फार येतात. मिसिसिपीत त्रेपन्न वर्षं काळी बाई म्हणून काढली की शंका अंगवळणीच पडते. एका मुलाच्या नॉर्वेजियन आजोबांच्या सुकवलेल्या माशांवरही मी मार्कर फिरवला. म्हटलं, न्याय म्हणजे न्याय.

त्या शुक्रवारी साठ जागांपैकी एकोणसाठ भरल्या होत्या. शेवटच्या जागेसाठी दोन अर्ज उरले, एकशे चौऱ्याऐंशी आणि दोनशे सतरा. गुण जवळजवळ सारखेच, तेव्हा सगळं निबंधावर आलं.

एकशे चौऱ्याऐंशी चर्चच्या मंडळींबरोबर होंडुरासला जाऊन जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटून आला होता. त्यात झाकण्यासारखं काही सापडलं नव्हतं. निबंध कसा सरळ वाहत होता, शेवटी सूर्यास्तसुद्धा होता.

दोनशे सतराचा निबंध डॉ. मेबरींनी मोठ्याने वाचला. "'आमच्या गावातली...' इथे काळं, '...माणसं औषधाच्या दुकानात काही विचारत नाहीत, कारण...' पुन्हा काळं. 'माझी आजी रक्तदाबाची गोळी अर्धीच घ्यायची, कारण...' हेही काळं. 'म्हणून बाराव्या वर्षापासून दर रविवारी मी चर्चबाहेर टेबल टाकते आणि लोकांना त्यांच्या बाटल्यांवरच्या सूचना समजावून सांगते.'" बाईंनी चष्मा काढला. "कारण म्हणून काही लागतच नाही हाताला. आजीने औषध नीट घेतलं नाही, एवढंच कळतं."

"मला तर त्या कारणाचीच भीती वाटते," प्रूइट म्हणाले. "एवढं झाकण्यासारखं काय असेल? घरात कोणी तुरुंगात असेल, नाहीतर नशेच्या गोळ्यांचा नाद असेल. उद्या हिच्याच हातात कुलपातली औषधं द्यायची आहेत."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. दोघातिघांनी गंभीरपणे मान डोलावली.

मी डॉ. गेन्सांकडे पाहिलं. वय सत्तर, चाळीस वर्षं स्वतःचं औषधाचं दुकान चालवलेलं, आणि त्या टेबलाशी मत असलेले एकटेच काळे. "मीही निबंधाला पाचातले दोनच गुण दिलेत," ते म्हणाले. "आडातच नाही, तर मी पोहऱ्यात कुठून आणू?"

आडात काय होतं ते मला पाठ होतं. ते मीच बुजवलं होतं.

"मतं घेऊ या," प्रूइट म्हणाले. "एकशे चौऱ्याऐंशीच्या बाजूने कोण?"

अकरा वर्षांत त्या खोलीत मी फक्त एसीबद्दल बोलले होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ती शाई माझी आहे."

"तुमचीच असणार. कामच आहे तुमचं ते."

"तुरुंग नाही आणि नादही नाही. मी नको तेवढं झाकलंय. वकिलांच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, अर्जदाराने स्वतःच्या अनुभवाचं लिहिलं तर ते वाचायला हरकत नाही. मी ते वाचलं होतं. पण शंका आली तर झाका, असं तुम्ही म्हणालात, आणि तेच मला सोयीचं पडलं."

"तुम्ही ओळखता या मुलीला?"

"नाही."

"मग तुम्हाला एवढं काय पडलंय?"

"तुरुंगाचं आणि नादाचं जे बोललात, ते मला इतिवृत्तात लिहावं लागेल."

प्रूइटांचे कान लाल झाले. त्यांनी तिथूनच, स्पीकरवर, वकिलांना फोन लावला. वकील जेवत असावेत. त्यांनी प्रश्न दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, "वाचा की. मात्र मार्क द्याल ते तिने काय केलं त्याला द्या, कातडीला नको. पण ते झाकायला सांगितलं कुणी?"

"जरा गैरसमज झाला," प्रूइट म्हणाले. मी लिहिलं: गैरसमज झाला.

मूळ प्रत मी आणली. ती गेन्सांनी वाचली. गावातली काळी माणसं दुकानात काही विचारत नाहीत, कारण आजीच्या तरुणपणी त्यांना औषध मागच्या दाराने मिळायचं, आणि प्रश्न विचारला तर दुकानदार बाटली परत घ्यायचा. आजी गोळी अर्धी घ्यायची, कारण बाटली दुप्पट दिवस पुरली की त्या दाराशी जाणं तेवढं लांबायचं. पुढे दार बदललं, सवय राहिली.

गेन्सांनी कागद खाली ठेवला. "व्हर्लीन, यावर मार्कर फिरवताना काय आलं गं तुझ्या मनात?"

"नोकरी."

"हं," ते म्हणाले. "माझ्याही तेच आलं असतं."

"पण त्या दुसऱ्या मुलाने काय वाईट केलंय?" प्रूइटांनी विचारलं. "तोही राबलाय." ते खरं होतं.

हात वर झाले. दोनशे सतराला चार, एकशे चौऱ्याऐंशीला तीन. प्रूइट तिघांत होते.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"तिने जे केलं ते लिही," गेन्स म्हणाले. मी लिहिलं: बाराव्या वर्षापासून लोकांना औषधं समजावून सांगते.

मंडळी उठू लागली. डॉ. मेबरींनी कागद आवरता आवरता विचारलं, आवाजात राग नव्हता, "व्हर्लीन, असं नको तेवढं आणखी किती निबंधांत झाकलंय?"

हे कोणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"तेरा," मी म्हटलं.

"त्यातले नाकारले किती?"

"नऊ. पत्रं मंगळवारी गेली. मीच टाकली."

उठलेली माणसं होती तिथेच उभी राहिली. प्रूइटांनी कोटाची एक बाही चढवली होती. ती त्यांनी काढली, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणा."

मी आणायला गेले.