गाडग्याला टेकलेली मांजर

बयनाबाईंच्या अंडी उबवायच्या मशीनने दोनदा दगा दिला होता. दोन्ही वेळा नव्वद अंडी, एकवीस दिवसांची राखण, आणि पिल्लू एकही नाही. तिसऱ्यांदा अंडी ठेवून चारच दिवस झाले होते, पण काटा साडेसदतीस अंशांवर हवा तो साडेपस्तिसावर ठाण मांडून बसलेला. नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधून झाली. नवरा भगवानरावांनी तर निकालच लावून टाकला.

"आता नाई निघाले पिल्लं, तं दौलत भाचा येऊन मशीन नेते. सांगून ठेवलं मी त्याले."

बयनाबाईंना रडूच आलं. पण सून दामिनी आदिलाबादेत वायरमनचं शिकलेली. ती मीटर घेऊन आधी घरात गेली, मग गोठ्यातल्या मशीनपाशी आली. घरात दोनशे पंचवीस व्होल्ट, मशीनपाशी दोनशे पाच. करंट एक अँपिअर. तिने गोठ्याच्या दारावर खडूने आकडे मांडले.

"आत्याबाई, व्होल्टले अँपिअरनं भागा. दोनशे पाच ओम. हा हीटरचा रोध, अन तो बरोबर हाय. आता गुणा. दोनशे पाच वॅट."

"मशीनवर तं अडीचशे लिवले हाय!"

"पुरे व्होल्ट भेटले तं अडीचशे. वीस व्होल्ट वाटेतच गेले. वीसले एकानं भागलं, तं वायरचा रोध वीस ओम. एवढ्याशा वायरले एक ओम बी नसाले पाह्यजे."

बयनाबाईंना आता गंमत वाटू लागली. शाळा चौथीत सुटली होती, पण पाढे पक्के होते. त्यांनी स्वतःच गुणाकार केला. "वीस गुणिले एक. वीस वॅट. हे कुठं सांडून राह्यले? खाली ओल तं दिसत नाई."

दामिनी हसली. "वीज सांडत नाई, आत्याबाई. तापते. या वायरवर कुठंतरी गरम असन."

गरम! बयनाबाई चमकल्या. ऐन थंडीत त्यांची मांजर चूल सोडून गोठ्याच्या कोपऱ्यात काऊन झोपते, याचं त्यांना चार दिवस कोडं पडलं होतं. तिथे वायरचा जोड होता. पावसाने भिजू नये म्हणून भगवानरावांनीच त्यावर मातीचं गाडगं पालथं घातलं होतं, आणि मांजर त्या गाडग्याला पाठ टेकून मजेत पडलेली असे.

"गाडगं पाह्य, दामिने!"

दामिनीने घरातलं बटण बंद केलं, मांजरीला हाकललं आणि गाडगं उचललं. ते आतून चांगलंच तापलं होतं. खाली सैल पिळलेल्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि चिकटपट्टी जळून कोळसा झाली होती. तिने जोड तोडून अख्खी नवी वायर ओढली. आता मशीनपाशी दोनशे चोवीस व्होल्ट मिळाले. दुपारपर्यंत काटा साडेसदतीसवर आला. मांजर मात्र थंड गाडगं हुंगून दोघींकडे रागाने बघत निघून गेली.

एकविसाव्या दिवशी सकाळी मशीनमधून चिवचिव ऐकू आली. बयनाबाईंनी काचेला नाक लावून मोजली, एकाहत्तर पिल्लं. त्या एकाच वेळी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मागे भगवानराव फोन कानाला लावून उभे होते. "दौलत, मशीन राहू दे बाप्पा. पिल्लायचं खाद्य तेवढं घेऊन ये." फोन ठेवून ते हळूच म्हणाले, "जोड म्या मारला होता. तुयी मशीन चांगलीच होती."