मोलानची माती

आमच्या बेटावर उंदीर नव्हते, आणि त्याचं श्रेय एका आडनावाला होतं. मॅक गिला मोलान. मॅक म्हणजे मुलगा, गिला म्हणजे चाकर. संत मोलानच्या चाकराची ही लेकरं. संत वादळात होडी घेऊन आला तेव्हा बेटावरच्या सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. एकाच माणसाने पाण्यात उतरून त्याची दोरी धरली. संताने त्याला गाय दिली नाही की शेत दिलं नाही. नाव दिलं, आणि देवळाच्या भिंतीलगतची माती दिली. संतही हिशेबाला पक्का असावा.

तेव्हापासून रीत अशी: या नावातल्या सगळ्यात थोरल्याने ती माती हाताने उचलायची आणि किनाऱ्यावर टाकायची, मग उंदीर टिकत नाही. बदल्यात काही घेतलं की माती मेली. आणि चुकीच्या हाताने उचलली, तर पुढची सात वर्षं ती नुसती माती.

नाव जुनं झालं तशी घरं घटली. काही बटाट्याच्या दुष्काळाने नेली, काही बोटीने बॉस्टनला गेली. १९१० साली उरले दोघं, फिंटन आणि सॉर्का. सॉर्का वॉर्ड आडनावाच्या घरात नांदली होती, पण आमच्याकडे बाई लग्नानंतरही बापाच्या नावानेच ओळखली जाते. थोरली तीच. फिंटन रांगत होता तेव्हा तिने त्याला पाठुंगळी घेऊन बेटभर फिरवलेलं.

घोळ घातला तो सरकारने. सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू केलं आणि जन्माचा दाखला आमच्यात कोणाकडेच नाही. तेव्हा टॉडहंटर नावाचा साहेब प्रत्येकाला विचारायचा, अठराशे एकोणचाळीस सालचं मोठं वादळ आठवतं का? सॉर्का म्हणाली, आठवतं, मी टेबलाखाली लपले होते. तिच्यामागून फिंटन गेला. त्याला सत्तरीला अजून पाच वर्षं होती, पण वादळाची गोष्ट त्याने सॉर्काच्या चुलीपाशी जन्मभर ऐकलेली. छप्पर उडालं, आईने गाय पलंगाला बांधली, सगळं त्याने रंगवून सांगितलं. तेवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण जाता जाता म्हणाला, "आणि मी बापाबरोबर दार धरून उभा होतो, साहेब." झालं. सरकारदरबारी फिंटन सॉर्काहून मोठा ठरला.

त्या ऑक्टोबरात उत्तरेच्या खडकावर एक जहाज फुटलं. माणसं वाचली, आणि त्यांच्याबरोबर उंदीरही पोहत आले. चार दिवसांत बटाट्यांच्या खड्ड्यांत शिरले. नेमका त्याच आठवड्यात टॉडहंटर साहेब तपासणीला आलेला. समुद्र खवळला आणि तोही अडकला.

आम्ही सगळे देवळाच्या पडक्या भिंतीपाशी जमलो, तसा साहेबही आला. त्याला आमची भाषा येत होती, हीच पंचाईत.

"उशीर कशाला?" तो म्हणाला. "थोरला तर फिंटन. मीच लिहिलंय."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. सरकारच्या कानाला लागणाऱ्याशी आमच्याकडे सात पिढ्या कोणी बोलत नाही. खरं काय ते साहेबाला सांगायचं, तर ते फिंटननेच सांगायला हवं होतं.

"माझा गुडघा धरलाय," फिंटन म्हणाला.

"माती हाताने उचलतात," सॉर्का म्हणाली. "दार धरलेले हात आहेत ना तुझे?"

आमच्यातल्या मॅनसने उंदरांनी कुरतडलेलं पोतं झटकलं. बियाण्याचे बटाटे खाली सांडले, एकही धड नव्हता. "हे माझं वसंतातलं शेत," तो म्हणाला. "फिंटन, उचलायची तर उचल. नाहीतर बोल."

फिंटन खाली बसला. हात पुढे केला. बोटं मातीपासून चार अंगुळांवर थांबली. सॉर्काकडे पाहिलं, ती समुद्राकडे बघत होती. फिंटनच्या छपरावरचं नवं गवत, चहा, तंबाखू, सगळं त्या पेन्शनचं होतं, आणि एकटा जीव. मॅनसची बायको पुटपुटत जपमाळ ओढत होती, ती मध्येच थांबली.

फिंटनने हात मागे घेतला.

"सॉर्का, ये."

"का रे?"

"मी टेबलाखालीसुद्धा नव्हतो."

"म्हणजे?" साहेबाने विचारलं.

"म्हणजे साहेब, त्या रात्री मी कुठेच नव्हतो."

सॉर्का आली, वाकली, ओंजळ भरून घेतली आणि किनाऱ्याकडे निघाली. आम्ही मागून. वारा असा की तिची शाल दोघींना धरावी लागली. मूठ मूठ माती टाकत ती शेवटच्या मुठीपाशी आली, तेव्हा साहेब तिच्याजवळ गेला.

"बाई, माझ्या घरी पण फार उंदीर झालेत. चिमूटभर द्याल? मग मघाशी मी काही ऐकलंच नाही."

सॉर्काची मूठ मिटली. "तसं असेल तर नाही."

"अगं दे ना त्यांना," फिंटन कळवळून म्हणाला.

"देईन, पण फुकट. तुझ्या पेन्शनच्या बदल्यात दिली तर माती मरेल. त्यांचीही आणि आपलीही." ती साहेबाकडे वळली. "आता सांगा साहेब. ऐकलंत की नाही?"

साहेबाने टोपी काढली, पुन्हा घातली. फिंटन त्याच्या ओठांकडे बघत होता.

"ऐकलं," साहेब म्हणाला.

तिने त्याच्या रुमालात माती बांधून दिली.

नाताळच्या आधी फिंटनचं पेन्शन बंद झालं. मागचं वसूल केलं नाही, तेवढी मेहेरबानी. उंदीर मी तरी पुन्हा पाहिला नाही. मॅनसने त्याच सुमारास पलीकडून दोन मांजरं आणली होती. तो विषय कोणी काढत नाही.

शुक्रवारी, पेन्शनच्या दिवशी, फिंटन अजून सवयीने पोस्टाच्या दारात येऊन उभा राहतो. सॉर्का आपले पैसे घेते, तंबाखूची पुडी घेते आणि जाता जाता ती त्याच्या हातावर ठेवते.

"घे," म्हणते. "दार धरून उभा आहेस म्हणून."