शकुबाईवरचा आळ

तळ्यातली मासळी एका सकाळी उलटी तरंगताना दिसली, आणि विधवा शकुबाई ढिवरणीनं करणी केली असं गाव म्हणू लागलं. आठवीतल्या गिरजानं तेच वर्गात सांगितलं. रसायन शिकवणारे इस्तारी मास्तर हसले नाहीत. "तपासून पाहू," म्हणाले.

तळ्यात गिरजाच्या बापाची, रामाजीची, अंबाडी दोरांच्या वाखासाठी कुजत घातली होती. यंदा ती दुप्पट होती. मास्तरांनी एका मडक्यात तिथलं पाणी घेतलं, दुसऱ्यात विहिरीचं, आणि दोन्हींत जिवंत मासे सोडले. तळ्याच्या पाण्यातले मासे लगेच वर येऊन तोंड वासू लागले.

"अंबाडीत विष असन, गुरुजी!" गिरजा म्हणाली.

"विषच कशावरून?"

पाण्यातही हवा विरघळलेली असते, हे मास्तरांनी शिकवलं होतं. गिरजानं मासे काढून विहिरीच्या पाण्यात ठेवले, तळ्याच्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उंचावरून वीसेक वेळा एका रिकाम्या मडक्यात आणि परत ओतलं आणि त्यात मासे पुन्हा सोडले. ते मजेत पोहू लागले.

"विष नाई! कुजताना अंबाडीनं हवाच संपवली."

बोलून झाल्यावर तिला बाप आठवला. घरी तिनं भीत भीत सगळं सांगितलं. रामाजी आधी चिडला, मग स्वतः येऊन मडकी बघून गेला. दुसऱ्या दिवशी चार माणसांसमोर शकुबाईच्या दारात उभा राहिला.

"बाई, चूक माही हाये. अंबाडीले मी वेगळा खड्डा खणतो."

शकुबाईनं डोळे पुसले आणि त्याला बसायला घोंगडी टाकली. बापामागे उभ्या गिरजाला फार बरं वाटलं.