बुजवलेला चर

"मावशी, मशीन बंद करा! कोणी सांगितलं तुम्हाला?"

मॅनेजर चिखलातून धावत येत होता. त्याचा एक बूट मागेच रुतून बसला होता. पोकलेनच्या केबिनमधून मावशीने बादलीतली काळी माती चरात ओतली आणि पुढची उचलायला मशीन वळवलं.

नवरा गेल्यावर ती त्याच्या मशीनवर बसली, तेव्हा लोक तोंडावर हसले होते. आता साइटवर सगळेच तिला मावशी म्हणत. खरी भाची मात्र एकच, इथली धाकटी इंजिनिअर.

चर मावशीनेच आदल्या दिवशी खणला होता. दलदलीतलं पाणी काढायचं, मऊ माती सुकवून दाबायची आणि वर गोदाम बांधायचं, असं मॅनेजरने सांगितलं होतं. संध्याकाळी चर पाहून भाचीने मावशीला काठावर बोलावलं.

"अगं, इथं खांब ठरलेत. खालच्या कठीण थरापर्यंत खांब घालायचे, पाण्याला हात लावायचा नाही. चर सोपा पडतो म्हणून मॅनेजरने परस्पर हा उद्योग केलाय."

"पाणी गेलं तर बिघडतं काय?"

भाचीने मातीचा गोळा तिच्या हातावर फोडला. आत गवताच्या अख्ख्या काड्या होत्या.

"हजारो वर्षांचं गवत नि शेवाळ आहे हे. पाण्याखाली आहे म्हणून टिकलंय. हवा लागली की कुजणार आणि सगळा कार्बन वर हवेत जाणार, वर्षानुवर्षं. आग नाही, धूर नाही, पण जळतंच म्हण. मालकाला फोटो पाठवलेत मी. मॅनेजर म्हणतो, गप्प बस."

मावशीने हातावरचा चुरा परत चरात टाकला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, तेव्हा तिने मशीन सुरू केलं.

"मीच खणलाय, मीच बुजवतेय," ती आता केबिनमधून ओरडली. "बाजूला व्हा साहेब, दुसरा बूटही जाईल!"

"नोकरी जाईल तुमची!"

"नोकरी दुसरी बघेन. ही माती कुठून आणाल?"

मॅनेजर मशीनकडे झेपावला, तशी भाची मध्ये येऊन उभी राहिली. "सर, आधी मला हलवा."

मावशीने शेवटची माती टाकली आणि बादलीच्या पाठीने थोपटून घट्ट केली.

दुपारी मालकाचा माणूस आला. त्याने मॅनेजरला फैलावर घेतलं. खांबच घालायचे ठरले. पण न विचारता मशीन चालवलं म्हणून मावशीला कामावरून काढलंच. भाची राजीनाम्याची भाषा करू लागली, तशी मावशी डाफरली, "तू गेलीस तर यांच्यावर नजर कोण ठेवणार? इथंच पाय रोवून उभी राहा."

फाटकाशी तिने हेल्मेट परत केलं, घामाने चिकटलेले पांढरे केस सोडून पुन्हा घट्ट बांधले आणि रस्त्याला लागली. मागून खडीचा ट्रक हॉर्न वाजवत आला. मावशी रस्त्याच्या मधूनच चालत राहिली. शेवटी ट्रकच हळू झाला.